ट्रंकेतली रिळं, टेप आणि फोटो: आधी कुणाला वाचवायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीजवळच्या जुन्या घराच्या माळ्यावर आजोबांची पत्र्याची ट्रंक सापडली आहे. तिच्यात १६ मिलीमीटर फिल्मचे दोन डबे (एकाला आंबट वास येतोय), ८ मिलीमीटरची सहा छोटी रिळं, ‘कीर्तन १९६८’ असं लिहिलेले पाच स्पूल टेप, वीसेक कॅसेटी, तीसेक लाखेच्या तबकड्या, एक अल्बम, चारदोन फ्रेम आणि काचेच्या निगेटिव्हची पेटी आहे. शहरातला एक दुकानदार सगळं पेन ड्राइव्हवर करून द्यायला तयार आहे. करून घेतलं की मूळ वस्तू टाकून दिल्या तर चालतील का, की पुण्याच्या फिल्म आर्काइव्हला नेऊन द्याव्यात?

टाकू नका. बाकीचं उत्तर लांबलचक आहे.

प्रश्न डिजिटायझेशनचा वाटतो, पण खरा घोळ क्रमाचा आहे. ट्रंकेतल्या वस्तू एकाच वेगानं खराब होत नाहीत आणि सगळ्या सारख्या मोलाच्याही नाहीत. कुठलाही संग्रह समोर आला की मी दोनच गोष्टी आधी बघतो: यातलं जगात एकुलतं एक काय आहे, आणि यातलं सगळ्यांत आधी काय जाणार आहे. तुमच्या तबकड्या कंपनीनं छापून दुकानांत विकल्या होत्या. त्यातल्या बहुतेकींची बरी प्रत कुणा ना कुणा संग्राहकाकडे असेल. कीर्तनाचा टेप मात्र एकच आहे, तो गेला की कीर्तन गेलं. त्यामुळे माझा क्रम असा लागेल: वास येणारी फिल्म, मग स्पूल टेप, मग उरलेली फिल्म, मग घरी भरलेल्या कॅसेटी, मग फोटो, आणि तबकड्या सगळ्यांत शेवटी. लोक नेमकं उलट करतात, कारण तबकड्या दिसायला देखण्या असतात आणि फोनो लावायची हौस असते.

हा क्रम काही गोष्टींवर बदलू शकतो. काचेच्या निगेटिव्हवरचा थर सुटायला लागला असेल तर फोटो वर येतील. कॅसेटीत आजीचा आवाज असेल आणि स्पूलमध्ये रेडिओवरची गाणी, तर कॅसेटी आधी. म्हणून पहिला दिवस यंत्रांचा नाही, वहीचा आहे.

ट्रंक माळ्यावरून खाली आणा. कौलांखालचा माळा ही घरातली सगळ्यांत वाईट जागा: वैशाखात भट्टी आणि पावसाळ्यात नुसता दमटपणा. खाली आणल्यावर कशालाही ‘ऊन दाखवू’ नका. गोधड्यांना चालतं ते फिल्मला चालत नाही. प्रत्येक वस्तू ज्या क्रमानं निघते त्या क्रमानं मोबाइलवर फोटो काढा: डब्याचं झाकण, लेबल, खोक्याची आतली बाजू, मधे खोचलेली चिठ्ठी. मग प्रत्येकीला एक क्रमांक द्या आणि तो पेन्सिलीनं कागदावर लिहून वस्तूसोबत ठेवा, वस्तूवर चिकटवू नका. गंजलेला डबा फेकायचा असेल तर आधी त्यावरची अक्षरं टिपून घ्या. तारीख आणि गावाचं नाव पुष्कळदा फक्त तिथंच असतं. ट्रंकेत डांबरगोळ्या असतील तर त्या काढून टाका. त्यांची वाफ थंड होऊन वस्तूंवर स्फटिकांसारखी बसते आणि प्लॅस्टिकला मऊ करते.

आता वासाचा डबा. चायनीजच्या गाडीवर बाटलीत असतं त्या व्हिनेगरचा हा वास आहे, आणि तो खरोखर त्याच आम्लाचा आहे. ही फिल्म सेल्युलोज ॲसिटेटची. दमट आणि उष्ण हवेत ॲसिटेटमधून ॲसेटिक आम्ल सुटतं, आणि तेच आम्ल पुढच्या विघटनाला चालना देतं. म्हणजे सुरुवात संथ होते, पण एका टप्प्यानंतर वेग आपोआप वाढत जातो. २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या ॲसिटेट फिल्मला हा टप्पा गाठायला साधारण ४० वर्षं लागतात. कोकणात २१ अंश कुठून आणणार? तापमान पाच-सहा अंशांनी उतरलं की आयुष्य अंदाजे दुप्पट होतं, आणि हाच हिशोब उलट्या दिशेनंही लागू पडतो. १६ मिलीमीटरच्या रिळाच्या कडेला तपकिरी चुंबकीय पट्टी असेल (आवाजाची) तर ती फिल्म आणखी लवकर बिघडते, कारण त्या पट्टीतला लोहाचा अंश विघटनाला हातभार लावतो.

हा डबा आजच बाकीच्यांपासून वेगळ्या खोलीत ठेवा. त्यातली वाफ शेजारच्या निरोगी रिळांनाही लागते. नेहमीच्या तापमानाला तो हवाबंद पिशवीत कोंडू नका, आम्ल आतच साठत राहतं. झाकण किंचित सैल असू द्या. आजार किती पुढे गेलाय हे नाकानं नीट कळत नाही. त्यासाठी ए-डी पट्ट्या मिळतात: निळ्या रंगाचा कागदाचा तुकडा बंद डब्यात फिल्मवर दिवसभर ठेवायचा. तो निळाच राहिला तर ठीक, हिरवट झाला तर सुरुवात, पिवळा पडला तर हातघाई. पट्टी मिळाली नाही तर फिल्मकडे नीट बघा. कडा लाटांसारख्या झाल्यात का, फिल्म कडक होऊन पन्हळीसारखी वळलीय का, वेटोळ्यांवर पांढरी पूड दिसते का.

आकुंचन मोजायची घरगुती युक्ती आहे. १६ मिलीमीटरच्या फिल्ममध्ये प्रत्येक चौकटीला एक भोक असतं. नव्या, कोऱ्या लीडरची (रिळाच्या सुरुवातीला जोडतात ती चित्र नसलेली फिल्म) १०० भोकं मोजून टेबलावर सरळ पसरा आणि शेजारी तुमची फिल्म भोकाला भोक लावून ठेवा. १०० भोकांवर तुमची फिल्म एका भोकानं कमी पडली, म्हणजे आकुंचन १ टक्का. तेवढं आकुंचन असेल तर नेहमीचा प्रोजेक्टर तिची भोकं फाडतो. लीडर नसेल तर मोजपट्टी वापरा. १०० चौकटींचं माप नव्या फिल्मवर ७६ सेंटिमीटरच्या किंचित वर भरतं. त्यात साडेसात मिलीमीटरच्या आसपास तूट आली तर तोच १ टक्का.

कुठल्याही परिस्थितीत ही रिळं प्रोजेक्टरवर लावू नका. ‘एकदा बघू तरी काय आहे’ म्हणून लावलेल्या प्रोजेक्टरनंच सगळ्यांत जास्त कौटुंबिक फिल्म फाटल्या आहेत. बघायचंच असेल तर स्वच्छ टेबलावर, सुती हातमोजे घालून, कडांना धरून पहिले दहा-वीस फूट हातानं उलगडा आणि खिडकीच्या उजेडासमोर धरून भिंगानं बघा. गुंडाळी सैल झाली असेल तर टोक ओढून ती घट्ट करायचा मोह आवरा. एका वेटोळ्यावर दुसरं घासून बारीक ओरखडे उठतात.

या फिल्मची आग लागेल का, ही भीती तुमच्या बाबतीत अनाठायी आहे. पेट घेणारी ती नायट्रेट फिल्म. ती ३५ मिलीमीटरमध्ये १९५० च्या सुमारापर्यंत वापरात होती आणि जळताना स्वतःचा ऑक्सिजन स्वतःच पुरवते, त्यामुळे पाण्यानं विझत नाही. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारात ठेवलेल्या नायट्रेट साठ्याला लागलेली आग पुष्कळांना आठवत असेल. ८ आणि १६ मिलीमीटरच्या फिल्म घरोघरी वापरण्यासाठीच काढल्या होत्या, म्हणून त्या सुरुवातीपासून ‘सेफ्टी’ आधारावर बनल्या. कडेला तसे इंग्रजी शब्दही छापलेले सापडतील. मात्र निगेटिव्हच्या पेटीत काचेऐवजी लवचीक, पिवळट, चिकट झालेले पत्रे निघाले तर ते नायट्रेट असू शकतात. त्यांना वेगळं, हवेशीर, थंड ठेवा आणि जाणकाराला दाखवा. जाळून बघायची परीक्षा मात्र करू नका.

आठ मिलीमीटरच्या रिळांचं एक बरं असतं, ती लहान असतात. त्यातही दोन प्रकार आहेत. भोकं मोठी असून दोन चौकटींच्या मधल्या रेषेवर येत असतील तर ती साधी ८, भोकं बारीक आणि चौकटीच्या मध्यावर असतील तर सुपर ८. साध्या ८ च्या ५० फुटांत सेकंदाला १६ चौकटींच्या वेगानं सव्वाचार मिनिटांच्या जवळपास चित्र असतं, सुपर ८ च्या ५० फुटांत १८ च्या वेगानं ३ मिनिटं २० सेकंद. १६ मिलीमीटरचं ४०० फुटांचं रीळ २४ च्या वेगानं ११ मिनिटं चालतं. म्हणजे सहाही ८ मिलीमीटरची रिळं ५० फुटी निघाली तर सगळी मिळून २०-२५ मिनिटांच्या घरात. दुकानदार तासाच्या हिशोबानं दर सांगत असेल तर हे आकडे हाताशी असू द्या. रंगीत फिल्म गुलाबी पडली असेल तर घाबरू नका. त्या काळच्या बहुतेक रंगीत फिल्ममध्ये निळसर रंग आधी उडतो आणि उरतो तो गुलाबी. स्कॅनमध्ये त्यातला काही भाग परत आणता येतो. कोडॅक्रोम या कोडॅकच्या फिल्मचे रंग मात्र अंधारात ठेवल्यास दशकानुदशकं टिकतात. लग्नाचं रीळ गुलाबी आणि सहलीचं रीळ झळझळीत असं एकाच घरात दिसतं, त्याचं कारण पुष्कळदा हेच असतं.

वासाच्या रिळाचं स्कॅनिंग लगेच जमत नसेल तर शीतपेटी हा तात्पुरता इलाज आहे. रीळ आधी दोन-चार दिवस कोरड्या खोलीत राहू द्या. मग दोन जाड झिप पिशव्यांत, एकात एक, हवा दाबून काढून बंद करा आणि फ्रीझरमध्ये ठेवा. वर हवाबंद करू नका म्हटलं आणि इथं करा म्हणतोय, ते अशासाठी की इतक्या थंडीत विघटन जवळपास थांबतं, आणि खरा धोका असतो बाहेरच्या दवाचा. काढताना पिशवी न उघडता पूर्ण एक दिवस खोलीत राहू द्या, नाहीतर थंड फिल्मवर पाणी धरतं. टेप, काच, कागदावरचे फोटो आणि तबकड्या यांना फ्रीझर दाखवू नका.

स्पूल टेपकडे येऊ. मला विचाराल तर तुमच्या ट्रंकेतली सगळ्यांत मोलाची वस्तू हीच आहे. १९६८ च्या टेपचा आधार ॲसिटेटचा किंवा पॉलिएस्टरचा असतो. काही जर्मन टेप पीव्हीसीचेही होते. अख्खा स्पूल बाजूनं दिव्यासमोर धरा. गुंडाळीतून उजेड आला तर बहुधा ॲसिटेट, अपारदर्शक दिसली तर पॉलिएस्टर. गंमत म्हणजे फिल्मचं उलटं आहे, तिथं उजेड जाऊ देणारी फिल्म पॉलिएस्टर असते. ॲसिटेटचा टेप तुटतो तो स्वच्छ, काचेसारखा, त्यामुळे जोडायला सोपा. पॉलिएस्टर ताणला जातो आणि ताणलेल्या भागातला आवाज कायमचा वाकडा होतो.

इंटरनेटवर ‘टेप भट्टीत भाजा’ हा सल्ला फार फिरतो. तो चुकीचा नाही, पण तुमच्यासाठी नाही. भाजणं लागतं ते सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपना, ज्यांचा चिकटवणारा थर हवेतलं पाणी पिऊन लिबलिबीत होतो. त्यांची मागची बाजू काळी, मॅट असते, आणि वाजवताना ते किंचाळतात व हेडवर (यंत्राचा टेप वाचणारा भाग) राड सोडतात. त्यांना ५० अंशांच्या आसपास, नियंत्रित उष्णतेत काही तास ठेवून नंतरच्या काही आठवड्यांत नक्कल करून घेतात. ॲसिटेट किंवा पीव्हीसीचा टेप असा तापवला तर तो कायमचा बिघडेल. आणि घरच्या ओव्हनमध्ये तर कुठलाच टेप ठेवू नका.

टेपवर पांढरी-राखाडी बुरशी दिसली तर तो यंत्रावर लावूच नका. बुरशी यंत्रात जाते आणि तिथून पुढच्या टेपवर. बुरशीविरहित टेपसाठीही यंत्र तयार लागतं. हेड आणि रबरी रोलर प्रत्येक स्पूलनंतर पुसावेत. हेडला ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, रबराला फारच थोडं. हेडचा साठलेला चुंबकीय भार काढलेला असावा. जुने जोड सेलोटेपचे असतील तर त्यांचा डिंक शेजारच्या वेटोळ्यांना चिकटलेला असतो. तिथं हळू, हातानं सोडवत जावं लागतं आणि जोड नव्या स्प्लायसिंग टेपनं करावा लागतो.

पुढचा प्रश्न ट्रॅकचा, आणि नेमकं इथंच दुकानं घोळ घालतात. घरगुती यंत्रं टेपच्या अर्ध्या रुंदीवर एका दिशेनं आणि उरलेल्या अर्ध्यावर दुसऱ्या दिशेनं भरत, काही तर चार भागांत भरत. चुकीच्या हेडवर लावलं की कीर्तनकारांच्या आवाजामागून तेच किंवा दुसरंच कीर्तन उलटं ऐकू येतं. ‘टेपच खराब आहे’ असं दुकानदारानं सांगितलं आणि नमुन्यात असा उलटा आवाज ऐकू आला, तर टेप चांगला आहे, यंत्र चुकीचं आहे. वेगही तपासा. सात इंची स्पूलवर साधारण ३६६ मीटर टेप मावतो. सेकंदाला १९ सेंटिमीटर वेगानं तो ३२ मिनिटं चालतो, साडेनऊच्या वेगानं ६४. बुवा चिमण्यांसारखे बोलत असतील तर वेग दुप्पट लागलाय हे कुणालाही कळतं. अवघड जातो तो थोडा चुकलेला वेग. बॅटरीवर चालणारं यंत्र असेल तर तो हमखास चुकलेला असतो. अशा वेळी ध्वनिमुद्रणात मागे विजेची बारीक गुणगुण ऐकू येते का ते बघतात. आपल्याकडे ती ५० हर्ट्झची. ती ५२ ला सापडली तर टेप तेवढ्याच प्रमाणात जलद वाजतोय. पेटीचा स्वरही मदत करतो, पण जुन्या पेट्या आजच्या प्रमाणस्वराला लावलेल्या असतीलच असं नाही, त्यामुळे एकट्या पेटीवर विसंबू नये.

नक्कल ९६ किलोहर्ट्झ, २४ बिटची डब्ल्यूएव्ही फाइल म्हणून घ्या, एमपी३ म्हणून नाही. स्टिरिओचा एक तास जवळपास २ जीबी होतो, मोनोचा त्याच्या निम्मा. ‘खरखर काढून देतो’ असं सांगितलं तर ती वेगळी प्रत म्हणून घ्या. मूळ नक्कल जशी वाजली तशीच हवी, खोकल्यासकट, टाळांच्या फाटलेल्या आवाजासकट. आज जी खरखर वाटते तिच्यातून उद्याचं चांगलं सॉफ्टवेअर शब्द काढेल, पण एकदा खरवडून टाकलेला आवाज परत येत नाही. वाजवून झाल्यावर टेप परत गुंडाळून सुरुवातीला आणू नका. आहे तसाच, शेवट बाहेर ठेवून, उभा ठेवा. स्टॅबिलायझर, स्पीकर, पंख्याची मोटर यांपासून दूर.

टेपच्या बाबतीत घाई का, ते सांगतो. टेप अजून पन्नास वर्षं टिकेल कदाचित. संपतायत ती यंत्रं, त्यांचे हेड, पट्टे आणि ते दुरुस्त करणारी माणसं. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय फिल्म आणि ध्वनी संग्रहालयानं २०१५ मध्येच ‘डेडलाइन २०२५’ असं म्हणून ठेवलं होतं: चुंबकीय टेपवरचं जे तोपर्यंत उतरवलं जाणार नाही, ते बहुधा उतरवलंच जाणार नाही. ती मुदत उलटून गेली आहे. चालू स्थितीतलं स्पूलचं यंत्र आणि ते जाणणारा माणूस आज मिळत असेल तर पुढच्या दिवाळीपर्यंत थांबू नका.

कॅसेटी सोप्या. मागच्या कडेच्या प्लॅस्टिकच्या दोन छोट्या जिभा मोडलेल्या नसतील तर आधी मोडा, म्हणजे चुकून वरून काही भरलं जाणार नाही. वाजवण्याआधी एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळा. आतला छोटा फेल्टचा गादीचा तुकडा पडलेला असेल तर आवाज बुजका येतो. पाच स्क्रूंची कॅसेट असेल तर ती उघडून टेप दुसऱ्या घरात बसवता येतो, चिकटवलेली असेल तर सुरीनं शिवणीवर उकलावी लागते. ९० मिनिटांपेक्षा मोठ्या कॅसेटींचा टेप फार पातळ असतो, त्या अडकतात. आणि प्रत्येक कॅसेटीसाठी हेडचा कोन कानानं जुळवायला सांगा. तेवढ्या एका स्क्रूच्या अर्ध्या वळणानं ‘स’ आणि ‘श’ परत ऐकू येतात. विकत घेतलेल्या गाण्यांच्या कॅसेटींवर पैसे घालवू नका.

फोटोंचं. चिकट पानांचा आणि वर पातळ प्लॅस्टिकचा तो ऐंशीच्या दशकातला अल्बम असेल तर तो फोटोंचा शत्रू आहे. फोटो सुटत असतील तर सोडवा, सुटत नसतील तर ओढू नका. दात घासायच्या मेणाच्या दोऱ्यानं मागून हळू करवतीसारखं सोडवता येतं. काही चिकटूनच राहणार असतील तर अख्खं पान स्कॅन करा. फ्रेममधला फोटो काचेला चिकटलेला असतो, आणि त्यातही कपाळावरच्या गंधाच्या बोटानं, हारातल्या ओलाव्यानं, दर श्राद्धाला पुसलेल्या ओल्या फडक्यानं कडेकडून पाणी आत गेलेलं असतं. काच काढायचा प्रयत्न केला तर चेहरा काचेसोबत जाईल. काचेवरूनच, दिव्याचं प्रतिबिंब टाळून, कॅमेऱ्यानं फोटो घ्या. सुटे फोटो ६०० डीपीआयला, पासपोर्ट आकाराचे १२०० ला, टिफ म्हणून. चार बाय सहाचा एक रंगीत फोटो ६०० ला साधारण २६ एमबी होतो. मागची बाजूही स्कॅन करा, तिथं स्टुडिओचा शिक्का आणि नावं असतात. ठेवायला पीव्हीसीच्या पिशव्या नकोत. उग्र वास येणारं मऊ प्लॅस्टिक म्हणजे तेच. पॉलिप्रॉपिलीन किंवा आम्लविरहित कागद घ्या.

काचेच्या निगेटिव्हला दोन बाजू असतात, चकचकीत आणि मॅट. मॅट बाजूवर चित्र असतं. तिला बोट नाही, फडकं नाही, पाणी तर नाहीच. कॅमेऱ्याच्या लेन्सला वापरतात त्या रबरी फुंकणीनं धूळ उडवा, चकचकीत बाजू फार तर कोरड्या मऊ कापडानं पुसा. प्रत्येक काच चार घड्यांच्या कागदात गुंडाळून लांब कडेवर उभी ठेवा. आडव्या रचल्या की खालची आपल्याच भावंडांच्या वजनानं तडकते.

तबकड्यांबद्दल थोडक्यात. त्या लाखेच्या आहेत, आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. टेपच्या हेडला चालणारं आयसोप्रोपिल इथं वापरलं तर तबकडी पुसली जाईल. डिस्टिल्ड पाणी, त्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब, मऊ ब्रश खाचांच्या दिशेनं, आणि लेबल कोरडं. सुई ७८ चीच (मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या या तबकड्यांची) हवी. एलपीची सुई खाचेच्या तळाला घासत जाते आणि फक्त खरखर वाचते. उभ्या ठेवा. लेबलावरचा क्रमांक टिपून मुंबईच्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्समधल्या जाणकारांना दाखवला तर दुर्मीळ कोणती ते समजेल.

आता मूळ वस्तूंचं. स्कॅन ही आजच्या यंत्राची आजची नजर असते, उद्याचं यंत्र त्याच फिल्ममधून जास्त काढेल. भारताचा पहिला बोलपट ‘आलम आरा’, १९३१ चा. त्याची एकही प्रत आज ज्ञात नाही. त्या काळच्या कित्येक फिल्म त्यातल्या चांदीसाठी भंगारात गेल्या. ‘आता हिचं काय काम’ हा प्रश्न तेव्हाही विचारला गेलाच असेल.

पुण्याचं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ मध्ये स्थापन झालं. आता ते एनएफडीसीच्या (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ) छत्राखाली आहे. मुंबईत फिल्म हेरिटेज फाउंडेशन आहे. तुमची ट्रंक अशीच उचलून तिथं नेऊ नका. आधी वहीतली यादी आणि डब्यांचे फोटो पाठवा, फिल्मची रुंदी, लांबी, वास आणि विषय सांगा. गावचं बंदर, जत्रा, शाळा, मुक्तिसंग्राम यांतलं काही असेल तर ते आवर्जून लिहा. घरगुती बारसं त्यांना हवंच असेल असं नाही. कीर्तन आणि लोकसंगीताच्या टेपसाठी गुरुग्रामचं एथ्नोम्युझिकॉलॉजीचं (संगीत आणि समाज यांच्या अभ्यासाचं) संग्रहकेंद्र, १९८२ पासून चालणारं, जास्त योग्य ठिकाण आहे. देताना दान की ठेव हे कागदावर स्पष्ट करून घ्या, तुम्हाला डिजिटल प्रत मिळणार का तेही. वस्तू तुमची असली म्हणून तिच्यावरचा हक्क तुमचा असतोच असं नाही. कीर्तनकारांचा, वादकांचा, फोटोग्राफरचा हक्क वेगळा असतो. घरात जपायला आड येत नाही, यूट्यूबवर टाकताना मात्र येतो. बुवांच्या घरच्यांना विचारून घ्या. त्यांच्याकडे बहुधा हा आवाज नसेलही.

फाइली पेन ड्राइव्हवर ठेवायच्या नाहीत, तो न्यायला-आणायला आहे. दोन वेगळ्या हार्ड डिस्क आणि एक प्रत दुसऱ्या गावी, बहिणीकडे किंवा क्लाउडवर. फाइलीच्या नावात वहीतला क्रमांक असू द्या. वर्षातून एकदा, दसऱ्याला अवजारं काढाल तेव्हा, डिस्क लावून चार फाइली उघडून बघा. मूळ वस्तू आतल्या भिंतीच्या लोखंडी कपाटात, मधल्या खणात. बाहेरच्या भिंतीचं कपाट पावसाळ्यात ओल धरतं. सिलिका जेल ठेवलंत तर निळ्याचं गुलाबी झालं की बदला, नाहीतर तेच पाणी परत सोडतं. एसी रात्री चालू आणि दिवसा बंद असेल तर त्यापेक्षा पंखा बरा.

दुकानदाराकडे जाल तेव्हा तीन गोष्टी विचारा. फिल्म दात्यांच्या चाकावर चालवता की दाते नसलेल्या स्कॅनरवर? भिंतीवर प्रोजेक्टर लावून मोबाइलनं टिपून देणारेही आहेत, त्यांना नमस्कार करून निघा. १६ मिलीमीटरची फाइल कुठल्या स्वरूपात देणार? फक्त एमपी४ म्हणाला तर ती व्हॉट्सॲपची प्रत झाली, सोबत प्रोरेस किंवा एफएफव्ही१ (जपून ठेवण्याजोग्या, कमी दाबलेल्या व्हिडिओ फाइली) मागा आणि चौकटींचा वेग मूळचाच, १६ किंवा १८ किंवा २४, ठेवायला सांगा. स्पूलचं यंत्र किती ट्रॅकचं आहे? या प्रश्नावर तो अडखळला तर कीर्तन त्याच्याकडे देऊ नका. आणि पहिल्या फेरीत ट्रंकेतलं सगळ्यांत कमी मोलाचं न्या: घरी भरलेली पण गाण्यांचीच एखादी कॅसेट, आणि ८ मिलीमीटरचं बिनवासाचं एक रीळ. ती फाइल घरी नीट ऐकून-बघून झाली, मूळ वस्तू जशी दिली तशी परत आली, की मग पाच स्पूल पिशवीत भरा.